शब्दांचे गणित मांडणारे जॉर्ज बूल

संगणकावरील टपालपेटीत वर्षानुवर्षांची पत्रे साठत जातात. बँकेची विवरणपत्रे, विजेची बिले, विम्याच्या पावत्या, परदेशी गेलेल्या मुलांची खुशालीची पत्रे आणि या सगळ्यांवर कडी करणाऱ्या जाहिराती. हजारोंच्या घरात गेलेल्या या ढिगाऱ्यातून कधी तरी नेमके एकच पत्र हवे असते, आणि तेही तातडीने. अशा वेळी संगणकातील जाणकार मंडळी पडद्यावरील चित्रांच्या नादी लागत नाहीत. ती थेट ‘कमांड लाइन’वर, म्हणजे जेथे केवळ शब्द टंकून संगणकाला आज्ञा द्यायची असते तेथे जातात आणि एका ओळीचे शोधसूत्र लिहितात. पाठविणारी अमुक बँक, आणि विषयात ‘विवरणपत्र’ हा शब्द, आणि तारीख गेल्या आर्थिक वर्षातील. मात्र जाहिरातीचा शिक्का असलेले पत्र नको. कळ दाबताच हजारो पत्रांतून दोन-चार तेवढी समोर उभी राहतात.

या सूत्रातील नावे, विषय आणि तारखा दर वेळी बदलतात. बदलत नाहीत ते तीन लहानसे शब्द : ‘अँड’, ‘ऑर’ आणि ‘नॉट’. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘आणि’, ‘किंवा’ व ‘नाही’. टपालपेटीतील शोध असो, ग्रंथालयाची सूची असो वा इंटरनेटवरील धुंडाळणी असो, या तीन शब्दांच्या आधारानेच ती चालते. हे शब्द संगणकाच्या अभियंत्यांनी शोधून काढले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यांचे नियम संगणकाच्या जन्माआधी जवळजवळ शतकभर लिहून ठेवले होते ते जॉर्ज बूल या इंग्रज शिक्षकाने. त्याच्यापाशी विद्यापीठात शिकून मिळविलेली एकही पदवी नव्हती.

जोडे शिवणाऱ्याच्या घरी

इंग्लंडच्या पूर्व भागातील लिंकन या गावी २ नोव्हेंबर १८१५ रोजी बूल यांचा जन्म झाला. वडील जॉन बूल हे जोडे शिवण्याचा धंदा करीत. आई मेरी अ‍ॅन लग्नापूर्वी बड्या घरी दासी म्हणून काम करीत असे. विवाहानंतर तब्बल नऊ वर्षांनी झालेले हे त्यांचे पहिले अपत्य. त्यामागून आणखी एक मुलगी व दोन मुलगे झाले.

जॉन बूल यांचे हात चामड्यावर चालत असले तरी मन मात्र दुर्बिणी, भिंगे आणि गणित यांत गुंतलेले असे. स्वतः बनविलेल्या दुर्बिणीतून आकाश पाहण्यास ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावीत. साहजिकच दुकानाकडे दुर्लक्ष होई. या वडिलांकडून मुलाला पैसा मिळाला नाही. गणिताची गोडी आणि स्वतः शिकण्याची सवय मात्र मिळाली.

गावातील एका पुस्तकविक्रेत्याने जॉर्जला लॅटिनचे प्राथमिक धडे दिले. ग्रीक भाषा तो आपली आपण शिकला. चौदाव्या वर्षी त्याने एका प्राचीन ग्रीक कवितेचे केलेले भाषांतर स्थानिक वृत्तपत्रात छापून आले, तेव्हा गावात चांगलाच वाद माजला. इतक्या कोवळ्या वयाच्या मुलाला असे भाषांतर जमणे शक्यच नाही, असा आक्षेप एका शाळामास्तराने जाहीरपणे घेतला. पुढे फ्रेंच, जर्मन व इटालियन या भाषांचीही त्यात भर पडली. शब्दांच्या अर्थाविषयीची जी सूक्ष्म जाण बूल यांच्या गणितात पुढे दिसते, तिचे मूळ या भाषाभ्यासात असावे.

१८३१ च्या सुमारास वडिलांचा धंदा बसला. सोळा वर्षांच्या जॉर्जवर आईवडील आणि तीन धाकटी भावंडे यांची जबाबदारी येऊन पडली. डॉनकास्टर येथील एका शाळेत साहाय्यक शिक्षकाची नोकरी त्याने पत्करली. ती फार काळ टिकली नाही. रविवारी, अगदी प्रार्थनेच्या वेळीही, हा शिक्षक गणिते सोडवीत बसतो, अशी तक्रार धार्मिक वृत्तीच्या पालकांनी केल्याचे सांगितले जाते.

गणिताकडे तो वळला त्यामागेही पैशाची अडचणच होती म्हणतात. कथा-काव्याची पुस्तके झटपट वाचून संपत. तेवढ्याच पैशांत घेतलेले गणिताचे पुस्तक कित्येक महिने पुरे. लाक्र्वा या फ्रेंच गणितज्ञाचे कलनशास्त्रावरील पुस्तक त्याने गुरूविना वाचून काढले. मार्ग दाखविणारा कोणी असता तर यात घालविलेला बराच काळ वाचला असता, ही खंत त्यांना पुढेही वाटत राहिली.

डॉनकास्टरमधील त्या दिवसांतच एक गोष्ट घडली. सतरा वर्षांचा हा तरुण एका शेतातून चालला असता त्याच्या मनात अचानक एक विचार चमकून गेला. अंकांमधील संबंध बीजगणिताच्या चिन्हांनी मांडता येतात, तर माणसाच्या मनातील विचारांमधील संबंध तशाच चिन्हांनी का मांडता येऊ नयेत? हा विचार कागदावर उतरण्यास पुढे चौदा वर्षे लागली. मधली वर्षे पोटापाण्याच्या उद्योगात गेली.

केंब्रिजचा दरवाजा

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी बूल यांनी लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. पुढे वॅडिंग्टन येथील शाळा चालविली, आणि १८४० मध्ये पुन्हा लिंकनला येऊन वसतिगृहासह शाळा सुरू केली. सारे घरच या शाळेच्या कामाला लागलेले असे. दिवसा मुलांना शिकवायचे आणि रात्री लाग्रांज व लाप्लास यांचे ग्रंथ घेऊन बसायचे, हा त्यांचा क्रम होता. कामगार व कारागिरांसाठी गावात निघालेल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटचे वाचनालय हेच त्यांचे विद्यापीठ ठरले.

‘केंब्रिज मॅथेमॅटिकल जर्नल’ या नियतकालिकाचे संपादक डंकन ग्रेगरी यांनी या अनोळखी शिक्षकाचे लेखन हेरले आणि छापले. १८४१ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांतूनच ‘अविकारी राशी’ या गणिताच्या नव्या शाखेची सुरुवात झाली, असे मानले जाते. केंब्रिजला येऊन रीतसर पदवी घेण्याचा विचारही पुढे आला. परंतु तेथे प्रवेश घ्यायचा तर संशोधन बाजूला ठेवून परीक्षांचा अभ्यास करावा लागला असता. त्याहून मोठी अडचण घरची होती. शाळा बंद झाली असती तर वृद्ध आईवडिलांनी खायचे काय? बूल यांनी केंब्रिजचा विचार सोडून दिला.

त्या निर्णयाचा त्यांनी कधी बाऊ केला नाही. १८४४ मध्ये समीकरणे सोडविण्याच्या एका नव्या पद्धतीवरील त्यांचा प्रबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्यासाठी त्यांना सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. सोसायटीने गणितासाठी दिलेले ते पहिलेच सुवर्णपदक होते. लिंकनमधील एका खासगी शाळेच्या मास्तराला ते मिळावे, ही त्या काळच्या इंग्लंडमध्ये लहान घटना नव्हती.

शाळा आणि गणित एवढ्यापुरतेच त्यांचे जग मर्यादित नव्हते. दुकानांतील नोकरांना रात्री उशिरापर्यंत राबवून घेण्याची तेव्हा पद्धत होती. दुकाने वेळेवर बंद व्हावीत आणि नोकरांना वाचण्या-शिकण्यास फुरसत मिळावी, या चळवळीत बूल यांनी पुढाकार घेतला. मोकळा वेळ मिळाल्यावर त्याचा सदुपयोग कसा करावा, यावर १८४७ मध्ये त्यांनी व्याख्यानही दिले. स्वतःची विद्या त्यांनी रात्रीच्या मोकळ्या तासांतूनच मिळविली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आग्रहाचे मर्म उमगते.

पांढऱ्या मेंढ्यांचे समीकरण

१८४७ हेच वर्ष त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारे ठरले. तर्कशास्त्रातील एका शोधाच्या श्रेयावरून स्कॉटिश तत्त्वज्ञ विल्यम हॅमिल्टन आणि गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्यात जाहीर वाद पेटला होता. डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ मध्ये आपल्याकडील मदुराईचा. त्यांच्याशी बूल यांचा पत्रव्यवहार होता. तर्कशास्त्राचा गणिताशी काही संबंध नाही, ते तत्त्वज्ञानाचे क्षेत्र आहे, असा हॅमिल्टन यांचा पक्ष होता. या वादामुळे बूल यांच्या मनात चौदा वर्षे घोळत असलेला विचार वर आला आणि तर्काचे गणिती विश्लेषण करणारी छोटी पुस्तिका त्यांनी लिहून काढली. तिचाच विस्तार म्हणजे १८५४ चा ‘लॉज ऑफ थॉट’ अर्थात विचाराचे नियम हा ग्रंथ.

त्यातील कल्पना थक्क करणारी वाटावी इतकी साधी आहे. समजा, जगातील सर्व पांढऱ्या वस्तूंचा गट म्हणजे ‘क्ष’ आणि सर्व मेंढ्यांचा गट म्हणजे ‘य’. मग ही दोन अक्षरे शेजारी शेजारी लिहिली, म्हणजे बीजगणिताच्या रीतीने त्यांचा गुणाकार केला, की अर्थ होतो पांढऱ्या मेंढ्या : ज्या पांढऱ्याही आहेत आणि मेंढ्याही आहेत. आपण बोलताना ‘पांढरी मेंढी’ म्हणतो तेव्हा नेमके हेच करतो. आधी पांढऱ्या वस्तू निवडून त्यांतील मेंढ्या घेतल्या काय, किंवा मेंढ्या निवडून त्यांतील पांढऱ्या घेतल्या काय, हाती येणारा कळप तोच.

आता पांढऱ्या वस्तूंतून पुन्हा पांढऱ्याच वस्तू निवडल्या तर? काहीच बदलत नाही. म्हणजे क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. नेहमीच्या अंकगणितात हा नियम केवळ दोनच संख्यांना लागू पडतो : शून्य आणि एक. बूल यांनी त्यांना अर्थ दिला. एक म्हणजे विचारात घेतलेले संपूर्ण विश्व. शून्य म्हणजे ज्यात काहीच नाही असा गट. मग एकातून क्ष वजा केला की उरते ते पांढरे नसलेले सारे काही, म्हणजेच ‘नाही’. एकच वस्तू पांढरी असणे आणि पांढरी नसणे अशक्य आहे, हा अ‍ॅरिस्टॉटलच्या काळापासून चालत आलेला नियमही या बीजगणितातून दोन ओळींत सिद्ध होतो. जे सत्य तत्त्वज्ञांनी गृहीत धरले होते, ते बूल यांच्या हाती समीकरणाचे उत्तर म्हणून आले.

या गणितात टपालपेटीतील शोधाची सारी तत्त्वे येऊन जातात. पेटीतील एकूण पत्रे म्हणजे एक. बँकेकडून आलेली पत्रे हा एक गट, विवरणपत्राचा उल्लेख असलेली पत्रे हा दुसरा. पत्रे शोधणाऱ्या पुष्कळशा प्रणालींत दोन अटी नुसत्या शेजारी शेजारी लिहिल्या, मध्ये काहीच लिहिले नाही, तर त्यांचा अर्थ ‘आणि’ असाच घेतला जातो. दोन अक्षरे शेजारी ठेवून दोहोंत मोडणाऱ्या वस्तू दर्शविण्याची बूल यांची ही रीत आजही तशीच चालू आहे.

बूल यांच्या रीतीत एक अडचण मात्र राहिली होती. त्यांची ‘किंवा’ची बेरीज एकमेकांत न मिसळणाऱ्या गटांपुरतीच होती. एखादी वस्तू दोन्ही गटांत असेल तर ती बेरीज त्यांना मान्य नव्हती. इंग्लंडमधीलच विल्यम स्टॅनले जेव्हन्स या तरुण अभ्यासकाने पत्राद्वारे यावर आक्षेप घेतला. दोन्ही गटांत मोडणाऱ्या वस्तूही ‘किंवा’मध्ये घ्याव्यात, असे त्याचे म्हणणे होते. बूल अखेरपर्यंत बधले नाहीत. पुढे जगाने जेव्हन्सची बाजू घेतली. बँक किंवा विमा असा शोध केला असता दोन्हींचा उल्लेख असलेले पत्रही मिळते, ते या दुरुस्तीमुळे. चहा घेणार की कॉफी, असे विचारणाऱ्या यजमानाला दोन्ही अपेक्षित नसतात. परंतु साखर किंवा गूळ चालत नाही असे पथ्य सांगणाऱ्याला दोन्ही टाळायचे असतात. बोलीतील हा फरक प्रसंगावरून उमगतो. यंत्राला प्रसंग कळत नाही, म्हणून अर्थ आधीच पक्का करावा लागतो.

कॉर्कमधील संसार

१८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे नव्याने सुरू झालेल्या क्वीन्स कॉलेजात बूल यांची गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पदवी नसलेल्या माणसाला प्राध्यापकपद मिळाले ते केवळ कामाच्या बळावर. बटाट्याच्या रोगाने ओढवलेल्या भीषण दुष्काळाने त्या वेळी आयर्लंड पोळून निघाला होता. इंग्लंडमधून आलेल्या या सहृदय शिक्षकाला नव्या गावात सुरुवातीची वर्षे एकाकीपणाची गेली.

तेथेच १८५० मध्ये त्यांची भेट मेरी एव्हरेस्ट या तरुणीशी झाली. मेरी ही कॉलेजातील ग्रीकच्या प्राध्यापकांची भाची. तिचे काका जॉर्ज एव्हरेस्ट हे १८३० ते १८४३ या काळात भारताचे सर्व्हेअर जनरल होते. जगातील सर्वोच्च शिखराला त्यांचे नाव देण्यात आले ते बूल यांच्या निधनानंतरच्या वर्षी, १८६५ मध्ये. बूल यांनी मेरीला गणित शिकविले. वयात सतरा वर्षांचे अंतर असूनही दोघांची मैत्री पत्रांतून वाढत गेली. मेरीच्या वडिलांच्या निधनानंतर १८५५ मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढील नऊ वर्षांत त्यांना पाच मुली झाल्या.

मेरी बूल यांनी १९०१ मध्ये आचार्य जगदीशचंद्र बोस यांना उद्देशून लिहिलेल्या एका दीर्घ पत्रात, भारतीय विचारांचा प्रभाव एव्हरेस्ट यांच्यामार्फत आपल्या पतीपर्यंत व डी मॉर्गन यांच्यापर्यंत पोहोचला होता, असे प्रतिपादन केले आहे. हे मत मेरी बूल यांचे. बूल यांच्या स्वतःच्या ग्रंथांत त्याचा स्पष्ट पुरावा नाही. तेव्हा अभिमानाच्या भरात त्यावर इमले बांधणे योग्य होणार नाही. मात्र तर्काकडे बूल केवळ हिशेबाचे साधन म्हणून पाहत नव्हते, हे या पत्रातून दिसते, आणि ते खरेही आहे. मनाचे व्यापार कोणत्या नियमांनी चालतात, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. एक ही संख्या त्यांच्यासाठी संपूर्ण विश्वाचे चिन्ह होती. यंत्राचा विचार त्यांच्या मनाला शिवलेला दिसत नाही.

मान-सन्मान आता चालून येऊ लागले. १८५७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. डब्लिन व ऑक्सफर्ड या विद्यापीठांनी त्यांना सन्मान्य पदव्या दिल्या. अवकल समीकरणांवरील त्यांचे १८५९ चे पुस्तक विद्यार्थ्यांत बराच काळ वापरले गेले.

२४ नोव्हेंबर १८६४ रोजी कॉर्कमध्ये मुसळधार पाऊस कोसळत होता. बूल यांचे घर कॉलेजपासून सुमारे तीन मैलांवर. व्याख्यानाची वेळ चुकवायची नाही, हा शाळामास्तराचा जुना बाणा. ते पावसातून चालत गेले आणि ओल्या कपड्यांनिशीच वर्गावर उभे राहिले. घरी परतल्यावर ताप भरला आणि त्याचे न्यूमोनियात पर्यवसान झाले. मेरीचे वडील होमिओपॅथीचे निष्ठावंत अनुयायी होते. ज्या कारणाने रोग झाला त्यानेच तो बरा होतो, या समजुतीने आजारी बूल यांना ओल्या चादरींत गुंडाळण्यात आले, अशी हकीकत सांगितली जाते. त्या काळी न्यूमोनियावर खात्रीचा उपाय कोणापाशीच नव्हता. त्यामुळे या एका गोष्टीमुळेच मृत्यू ओढवला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ८ डिसेंबर १८६४ रोजी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी बूल यांचे निधन झाले. धाकटी मुलगी एथेल तेव्हा अवघ्या काही महिन्यांची होती. कॉर्कजवळील ब्लॅकरॉक येथील चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे.

समाधीनंतरचे आयुष्य

बूल यांचे बीजगणित त्यानंतर अनेक दशके तर्कशास्त्रज्ञांच्या वर्तुळातच राहिले. जेव्हन्स यांनी त्याच्या आधारे पियानोसारखी कळा असलेले एक तर्कयंत्र बनविले. जॉन व्हेन यांनी १८८० मध्ये गट दाखविण्यासाठी एकमेकांवर येणाऱ्या वर्तुळांच्या आकृत्या काढल्या, त्या आज शाळेतील मुलांनाही ठाऊक असतात. परंतु व्यवहारात याचा उपयोग काय, असे कोणी विचारले असते तर उत्तर देणे अवघड गेले असते.

ते उत्तर १९३७ मध्ये मिळाले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत शिकणाऱ्या क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने महाविद्यालयातील तत्त्वज्ञानाच्या वर्गात बूल यांचे बीजगणित अभ्यासले होते. विजेच्या जोडणीत दोन बटणे एकामागोमाग बसविली तर दोन्ही दाबल्यावरच प्रवाह वाहतो : हे झाले ‘आणि’. तीच बटणे शेजारी समांतर बसविली तर कोणतेही एक दाबले तरी पुरते : हे झाले ‘किंवा’. शॅननच्या प्रबंधाने हा संबंध काटेकोरपणे मांडला. जपान व सोव्हिएत रशियातही त्याच सुमारास काही संशोधकांना तो स्वतंत्रपणे उमगला होता. बूल यांच्या मृत्यूनंतर ७३ वर्षांनी त्यांच्या शून्य आणि एक या संख्यांना विजेचे बळ मिळाले. आजच्या प्रत्येक संगणकाच्या पोटात याच जोडण्या असतात.

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिले इ-मेल पाठविले. १९७३ मध्ये बेल लॅब्जमधील केन थॉम्प्सन यांची ‘ग्रेप’ ही आज्ञा युनिक्स प्रणालीत आली. दिलेला शब्द असलेल्या ओळी वेचून दाखविणे हे तिचे काम. एका ‘ग्रेप’चे उत्तर दुसऱ्या ‘ग्रेप’कडे सोपविले की ‘आणि’ साधते. एक विशिष्ट चिन्ह जोडले की तो शब्द नसलेल्या ओळी मिळतात, म्हणजे ‘नाही’. परंतु दर वेळी सारी पत्रे पहिल्यापासून वाचून काढण्यात वेळ जातो. म्हणून २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘नॉटमच’सारख्या प्रणालींनी पुस्तकामागील शब्दसूचीची युक्ती वापरली. कोणता शब्द कोणकोणत्या पत्रांत आहे, याची यादी आधीच तयार ठेवलेली असते. प्रेषक, विषय, तारीख यांच्याही याद्या असतात. ‘आणि’ म्हटले की दोन याद्यांत समान असलेली पत्रे, ‘किंवा’ म्हटले की दोन्ही याद्यांतील सर्व पत्रे, आणि ‘नाही’ म्हटले की एका यादीतून दुसरी वजा. लाखभर पत्रांतही क्षणात उत्तर मिळते ते यामुळे.

शोध चुकतो तो बहुधा यंत्रामुळे नव्हे, तर आपल्या बोलण्याच्या सवयीमुळे. एखाद्याला बँकेच्या वा विम्याच्या पावत्या हव्या आहेत. तो लिहितो : बँक किंवा विमा आणि पावती. अंकगणितात बेरजेआधी गुणाकार करतात, तसे येथे सामान्यतः ‘किंवा’आधी ‘आणि’ सोडविले जाते. परिणामी विम्याच्या केवळ पावत्या मिळतात. बँकेची मात्र सारी पत्रे येऊन कोसळतात. बँक किंवा विमा हे शब्द कंसात घातले की अर्थ जुळतो.

दुसरा चकवा ‘नाही’चा. चहा आणि कॉफी नको, असे आपण म्हणतो तेव्हा दोन्ही नको असतात. यंत्राला मात्र ‘जाहिरात आणि वार्तापत्र’ कंसात टाकून ते नको असे सांगितले, तर एकाच वेळी दोन्ही असलेली पत्रे तेवढी वगळली जातात. नुसत्या जाहिराती जशाच्या तशा येतात. दोन्ही टाळायचे तर ‘जाहिरात किंवा वार्तापत्र’ नको, असे सांगावे लागते. हा नियम तर्कशास्त्रात ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते मदुराईत जन्मलेले, बूल यांचे स्नेही डी मॉर्गन.

बूल यांच्या मागे त्यांच्या घरातही बुद्धीचा वारसा चालू राहिला. अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या मेरी यांनी पाच मुली वाढविल्या आणि लहान मुलांना गणित कसे शिकवावे, यावर पुस्तके लिहिली. अ‍ॅलिशिया या मुलीने कोणत्याही विद्यापीठात न जाता चार मितींच्या भूमितीत मोलाची भर घातली. ल्युसी रसायनशास्त्राची अध्यापिका झाली. एथेलची १८९७ मधील ‘द गॅडफ्लाय’ ही कादंबरी रशिया व चीनमध्ये अफाट वाचली गेली. थोरल्या मुलीच्या वंशातील जेफ्री हिंटन यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पायाभूत कामासाठी २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांनी घडविलेली यंत्रे काटेकोर नियमांनी नव्हे, तर असंख्य उदाहरणांवरून अंदाज बांधीत शिकतात. पणजीच्या वडिलांच्या वाटेहून ही वाट वेगळी वाटेल. पण ‘लॉज ऑफ थॉट’चा मोठा भाग संभाव्यतेलाच वाहिलेला आहे, हे येथे विसरता येत नाही.

अंदाज बांधणाऱ्या या नव्या यंत्रांमुळे आता साध्या बोलीतही पत्रे शोधता येऊ लागली आहेत. तरीही नेमके तेच पत्र, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही असे हवे असेल, तर अजूनही तीन शब्द आणि एक कंस यांकडेच वळावे लागते. आपल्याला काय हवे आहे, काय चालेल आणि काय नको आहे, हे आधी स्वतःशी स्पष्ट करावे लागते. आईवडिलांसाठी केंब्रिजवर पाणी सोडणाऱ्या आणि पावसातून चालत वर्गावर जाणाऱ्या त्या शिक्षकाने आयुष्यभर हाच धडा गिरवून घेतला. कॉर्कच्या त्याच संस्थेचे ग्रंथालय आज बूल यांच्या नावाने ओळखले जाते. पुस्तक शोधायला तेथे येणारा विद्यार्थीही संगणकाच्या सूचीत आधी त्यांचेच नियम वापरतो.